वीज उद्योगातील वीजतंत्री : प्रशिक्षण, परवाना आणि नोकरी

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की खेड्यापाड्यांतून एक दृश्य हटकून पाहावयास मिळते. वाऱ्याने मोडलेली फांदी तारांवर पडलेली असते, डीपीवरील फ्यूज उडालेला असतो आणि गाव अंधारात बुडालेले असते. ज्या तंत्रज्ञाकडे ते गाव सोपविलेले आहे त्याच्याकडे आणखीही गावे असतात आणि त्या रात्री तो बहुधा दुसऱ्याच टोकाला तार जोडीत असतो. अशा वेळी गावातीलच एखादा तरुण पुढे होतो. त्याच्यापाशी पक्कड असते, धाडस असते आणि पाहून पाहून आलेली थोडीफार माहितीही असते. हातमोजे नसतात, सुरक्षा पट्टा नसतो आणि उपकेंद्रातून घेतलेले परमिट तर नसतेच. गावात पुन्हा उजेड पडतो, चार लोक त्याची पाठ थोपटतात आणि पुढच्या वेळी लोक त्यालाच हाक मारतात.

ग्रामीण महाराष्ट्रात या तरुणाला ‘झिरो वायरमन’ असे म्हणतात. हे नाव कोणी ठेवले हे सांगता येणार नाही. परंतु त्यातील शून्य अगदी अचूक आहे. त्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते, त्याला वेतन नसते, विमा नसतो. आणि दुर्दैवाने त्याला विजेचा धक्का बसला तर चौकशीच्या कागदावर त्याची नोंद ‘अनधिकृत व्यक्ती’ अशी होते. वास्तविक ज्या कामासाठी तो फुकट जीव धोक्यात घालतो त्याच कामासाठी वीज कंपन्या प्रशिक्षित माणसे घेत असतात. या दोहोंमध्ये जे अंतर आहे ते दोन वर्षांचे प्रशिक्षण, एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी आणि काही कागदपत्रे एवढेच आहे. ते अंतर कसे ओलांडावयाचे याची माहिती मात्र पुष्कळदा शाळेपर्यंत आणि ग्रामपंचायतीपर्यंत वेळेवर पोहोचत नाही.

धाडस आणि पद्धत

वाहिनीवर काम करण्याची एक ठरलेली पद्धत आहे आणि तिच्यातील प्रत्येक पायरीमागे कोणाचा तरी जीव गेल्याचा इतिहास आहे, असे या क्षेत्रातील जुने लोक सांगतात. प्रथम उपकेंद्रातील यंत्रचालकाकडून परमिट घ्यावयाचे. म्हणजे वाहिनी बंद केल्याची आणि ती कोणाच्या नावे बंद आहे याची नोंद होते, आणि ज्याने परमिट घेतले त्यानेच ते परत केल्याशिवाय वीज सोडली जात नाही. नंतर कामाच्या जागेजवळचा ए. बी. स्विच उघडून त्याची तिन्ही पाती खरोखर सुटली आहेत की नाहीत हे डोळ्यांनी पाहावयाचे, कारण गंजलेल्या स्विचमध्ये एखादे पाते चिकटून राहते आणि दांडा मात्र ‘बंद’ दाखवितो. त्यानंतर डिस्चार्ज रॉडने तिन्ही तारा जमिनीशी जोडावयाच्या.

ही शेवटची पायरी अनेकांना निरर्थक वाटते. वीज बंदच केली आहे, मग अर्थिंग कशाला? याचे उत्तर अलीकडे घरोघरी आलेल्या जनरेटरमध्ये आणि इन्व्हर्टरमध्ये आहे. एखाद्याने आपला जनरेटर मुख्य स्विच न काढता घराच्या वायरिंगला जोडला तर ती २३० व्होल्टची वीज उलट दिशेने रोहित्रात शिरते आणि ज्या रोहित्राने ११ हजार व्होल्टचा दाब उतरवावयाचा तेच तो दाब चढवून मेलेल्या समजल्या जाणाऱ्या तारेत सोडते. वर काम करणाऱ्याला याची कल्पनाही नसते. तारा जमिनीशी जोडलेल्या असल्या तर तो वाचतो.

झिरो वायरमनला फ्यूज बदलता येतो. हे मात्र त्याला कोणी शिकविलेले नसते. वीज अधिनियम, २००३ आणि त्याखालील सुरक्षाविषयक विनियमांनी विद्युत यंत्रणेवर काम करण्यास अधिकृत व्यक्तीच हवी असा जो दंडक घातला आहे तो या न शिकविलेल्या भागासाठीच आहे. गावातील पुढाऱ्यांनी ‘चढ रे, तुला येते’ असे म्हणण्यापूर्वी हे ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

उद्योगाचा विस्तार

महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर वीजनिर्मितीला प्रारंभ झाला तो सह्याद्रीतील पाण्यावर. खोपोली येथील जलविद्युत केंद्रातून १९१५ मध्ये मुंबईला वीजपुरवठा सुरू झाला. भिवपुरी आणि भिरा ही केंद्रे त्यानंतरची. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, २० जून १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना झाली आणि खांब, तारा व रोहित्रे खेड्यांकडे निघाली. कृषिपंपांना वीज मिळू लागली ती याच काळात. मंडळाच्या नोकरीत मदतनीस म्हणून लागलेला आणि पुढे लाइनमन म्हणून निवृत्त झालेला माणूस आजही तालुक्याच्या बहुतेक गावांत भेटतो.

६ जून २००५ रोजी मंडळाची पुनर्रचना झाली. निर्मितीचे काम महानिर्मितीकडे, अतिउच्चदाब वाहिन्या व उपकेंद्रे यांचे काम महापारेषणकडे आणि ग्राहकांना वीज पोहोचविण्याचे काम महावितरणकडे गेले. यांवर एक सूत्रधारी कंपनी आहे. जुने लोक अद्यापही या सर्वांना मिळून ‘बोर्ड’ असेच म्हणतात आणि त्यात गैर काही नाही. नोकरी शोधणाऱ्या तरुणाने मात्र हे तीन दरवाजे निरनिराळे आहेत, त्यांच्या जाहिराती निरनिराळ्या निघतात, हे लक्षात ठेवावयास हवे. मुंबई शहरात ‘बेस्ट’ उपक्रम आहे, तर मुंबईतच टाटा आणि अदानी या खाजगी कंपन्याही वीजपुरवठा करतात. शेजारच्या गोव्यात वीजपुरवठा हा आजही शासनाच्या वीज खात्याचाच भाग आहे आणि तेथील लाइनमन हा सरकारी कर्मचारी असतो.

देशातील अखेरचे वीज नसलेले गाव २८ एप्रिल २०१८ रोजी वीजजाळ्यास जोडले गेल्याचे केंद्र शासनाने जाहीर केले. तेव्हा आता खांब उभारण्याचे काम संपले, मग वीजतंत्र्यांची गरज ती काय, असा प्रश्न काही पालक विचारतात. प्रश्न वरवर योग्य दिसतो. परंतु वाहिनी उभारणे हे एकदाच होते, तिची देखभाल मात्र कायमची असते. झाडांच्या फांद्या दर वर्षी वाढतात, जंपर सैल होतात, चिनीमातीचे इन्शुलेटर तडकतात, रोहित्रातील तेल कमी होते, पंपांचा भार वाढला की रोहित्र जळते. महावितरणच्या ग्राहकांची संख्या आता सुमारे तीन कोटींच्या घरात आहे. ही सारी यंत्रणा उन्हापावसात उघड्यावर उभी आहे आणि तिला माणसाचा हात लागतो. शिवाय मंडळाच्या काळात भरती झालेली मोठी पिढी निवृत्त होत आलेली आहे.

प्रशिक्षणाची निवड

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील, म्हणजे आयटीआयमधील, दोन व्यवसाय या क्षेत्राशी थेट निगडित आहेत : वीजतंत्री आणि तारतंत्री. दोन्ही दोन वर्षांचे आहेत. वीजतंत्री व्यवसायाला दहावी उत्तीर्ण असावे लागते, तर तारतंत्री व्यवसायाची किमान पात्रता त्याहून कमी ठेवण्यात आलेली आहे. येथेच एक अडचण निर्माण होते आणि तिची कल्पना मुलाला बहुधा फार उशिरा येते. दहावीत अनुत्तीर्ण झालेला विद्यार्थी तारतंत्री होतो, दोन वर्षे मन लावून शिकतो, राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्रही मिळवितो. आणि महावितरणच्या जाहिरातीत ‘माध्यमिक शालांत परीक्षा उत्तीर्ण’ ही अट वाचून थबकतो. त्याचे कौशल्य कमी नसते. इंग्रजी किंवा गणित राहिलेले असते. असा विद्यार्थी आयटीआयमध्ये असतानाच राहिलेले विषय सोडवू शकतो. त्याला हे सांगणारा शिक्षक भेटला पाहिजे, इतकेच.

गणिताबद्दल आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. वीजतंत्र्याला फार मोठे गणित लागत नाही. परंतु जे लागते ते पक्के लागते. अमुक अश्वशक्तीचा पंप किती अँपिअर घेईल, त्याला किती जाडीची वायर हवी, फ्यूज कोणत्या तारेचा घालावा, हे ज्याला कागदावर मांडता येत नाही तो अंदाजाने काम करतो. डीपीच्या पेटीत जाड तारेचा फ्यूज घालून ‘आता उडणार नाही’ असे समाधान मानणारे महाभाग प्रत्येक गावात आहेत. फ्यूज उडत नाही हे खरे. त्याच्याऐवजी रोहित्र जळते आणि ऐन पाण्याच्या पाळीत सर्व शिवार कोरडे राहते.

आयटीआयनंतरची पायरी शिकाऊ उमेदवारीची. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अन्वये वीज कंपन्यांना शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. महावितरणची मंडळ कार्यालये यासाठी वेळोवेळी अर्ज मागवितात. उमेदवाराला विद्यावेतन मिळते. ते मोठे नसते आणि याच कारणाने अनेक मुले शिकाऊ उमेदवारी टाळून शहरात एखाद्या ठेकेदाराकडे जातात, जेथे हातात चार पैसे अधिक पडतात. त्यांचा हिशेब समजण्यासारखा असला तरी तो तोट्याचा आहे. खऱ्या वाहिनीवर, परमिट घेऊन, अनुभवी तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली काम करावयास मिळणारे हे एकच वर्ष असते. शिवाय भरतीच्या वेळी शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी काही जागा समांतर आरक्षणात राखून ठेवण्यात येतात.

भरतीची रीत

वितरण कंपनीत वीजतंत्री ज्या पदावर प्रथम लागतो त्याचे नाव ‘विद्युत सहायक’ असे आहे. हे पद तीन वर्षांच्या कंत्राटी मुदतीचे असून तीत ठरावीक मानधन मिळते. ही मुदत समाधानकारक रीतीने पूर्ण केल्यावर उमेदवाराची ‘तंत्रज्ञ’ या नियमित पदावर नेमणूक होते. पुढे वरिष्ठ तंत्रज्ञ आणि प्रधान तंत्रज्ञ अशी चढती श्रेणी आहे. उपकेंद्रांसाठी ‘उपकेंद्र सहायक’ हे असेच दुसरे पद असून तेथून यंत्रचालक होता येते.

या भरत्या दर वर्षी ठरावीक महिन्यात होत नाहीत, ही गोष्ट पालकांना समजावून सांगणे अवघड जाते. २०१९ मध्ये विद्युत सहायकांच्या ५ हजार आणि उपकेंद्र सहायकांच्या २ हजार पदांची जाहिरात निघाली. त्यानंतरची विद्युत सहायकांची मोठी जाहिरात ५,३४७ पदांची, ती २०२३ ची. मधल्या काळात ज्यांची वयोमर्यादा ओलांडली त्यांची संधी गेली. २०२३ च्या जाहिरातीत वयाची अट १८ ते २७ अशी होती व मागासवर्गीय उमेदवारांना त्यात ५ वर्षांची सवलत होती. मानधन पहिल्या वर्षी १५ हजार, दुसऱ्या वर्षी १६ हजार आणि तिसऱ्या वर्षी १७ हजार रुपये असे होते. पूर्वी निवड मुख्यतः दहावीच्या गुणांवर होत असे. आता ऑनलाइन परीक्षा आलेली आहे, तिच्यात व्यवसायाच्या ज्ञानाबरोबर तर्कशक्ती, अंकगणित आणि मराठी भाषा यांचीही कसोटी लागते. चांगला हात असलेला मुलगा या परीक्षेत मागे पडतो आणि पाठांतर चांगले असलेला पुढे जातो, अशी तक्रार प्रशिक्षण संस्थांतील निदेशक करतात. तिच्यात तथ्य आहे. परंतु परीक्षा आहे तोवर तिची तयारी करणे भाग आहे.

या जागांपेक्षा अर्जदार कितीतरी अधिक असतात, हेही लपविण्यात अर्थ नाही. प्रत्येक वीजतंत्र्याला कंपनीची कायम नोकरी मिळेल असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. आणि पैसे घेऊन मिळवून देतो असे म्हणणाऱ्याला तर दारातही उभे करू नये. पुष्कळ प्रशिक्षित मुले बाह्यस्रोत कंत्राटदारामार्फत उपकेंद्रांवर व वाहिन्यांवर काम करीत आहेत. त्यांना अनुभव मिळतो, परंतु नियमित पदाची शाश्वती नसते. अशा ठिकाणी काम स्वीकारताना भविष्य निर्वाह निधी, विमा आणि सुरक्षा साधने यांची लेखी खात्री करून घेणे हे उमेदवाराच्या हाती असते आणि बहुधा तेच राहून जाते.

पुढे शिकू इच्छिणाऱ्याला आणखी एक वाट आहे. आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला तंत्रनिकेतनात विद्युत अभियांत्रिकी पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो आणि पदविकाधारकांसाठी वीज कंपन्यांची स्वतंत्र भरती असते. खांबापासून आरंभ करून अभियंत्याच्या खुर्चीपर्यंत पोहोचलेले लोक या क्षेत्रात दुर्मीळ नाहीत.

मुलींचा उल्लेख येथे वेगळा करावयास हवा. भरतीत महिलांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे आणि गेल्या दशकात महिला तंत्रज्ञ प्रत्यक्ष खांबावर चढून काम करू लागल्या आहेत. आरंभी गावकरी कुतूहलाने जमत, आता वीज कधी येणार एवढेच विचारतात. तरीही आयटीआयच्या वीजतंत्री वर्गात मुली थोड्याच दिसतात. मुलीला शिवणकाम किंवा संगणक यांपलीकडचा व्यवसाय सुचविण्यास पालकच नव्हे, तर शिक्षकही बिचकतात.

गावातील काम

नोकरीच्या जाहिरातीची वाट पाहत असताना प्रशिक्षित तरुणाने काय करावे? राज्य शासनाने २०१६ मध्ये ‘ग्राम विद्युत व्यवस्थापक’ ही योजना आणली. ३ हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या गावांत आयटीआय उत्तीर्ण स्थानिक तरुणाची ग्रामपंचायतीमार्फत निवड करावयाची, आणि त्याने मीटर वाचन, बिलांचे वाटप, फ्यूज घालणे, पथदिव्यांची देखभाल, रोहित्राची किरकोळ दुरुस्ती अशी कामे करावयाची, अशी ही कल्पना आहे. त्याचा मोबदला गावातील ग्राहकांच्या संख्येशी निगडित आहे. ही कायम नोकरी नव्हे आणि योजना सर्वत्र सारख्या गतीने रुजलेली नाही. परंतु झिरो वायरमनच्या जागी नाव, निवड आणि जबाबदारी असलेला माणूस आणण्याचा तो एक सरळ मार्ग आहे आणि त्याची किल्ली ग्रामपंचायतीच्या हाती आहे. ज्या ग्रामसभेने हा विषय कधी घेतलाच नाही तिला शासनाकडे बोट दाखविण्याचा अधिकार थोडा कमी पोहोचतो.

स्वतंत्र व्यवसाय करू इच्छिणाऱ्याला परवाना घ्यावा लागतो. हा परवाना वीज कंपनी देत नाही. शासनाच्या विद्युत निरीक्षण यंत्रणेशी संलग्न असलेले अनुज्ञापक मंडळ तारतंत्र्याचा परवाना, पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र आणि विद्युत ठेकेदाराची अनुज्ञप्ती देते. नवीन जोडणीसाठी घराच्या वायरिंगचा जो चाचणी अहवाल लागतो त्यावर अनुज्ञप्तीधारकाची सही चालते, इतरांची चालत नाही. दहा वर्षे काम करूनही केवळ परवाना न काढल्यामुळे दुसऱ्याच्या सहीसाठी पैसे मोजणारे कारागीर तालुक्याच्या गावी हमखास आढळतात.

कामाचे स्वरूपही पालटत आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली व २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. घरांच्या छपरांवरील सौर संचांसाठी २०२४ मध्ये केंद्राची प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली. शेतांत सौरपंप उभे राहिले. या संचांना बसविणारा, साफ ठेवणारा, बिघाड शोधणारा माणूस लागतो आणि तो जवळपासचाच असावा लागतो, कारण नाशिकहून किंवा पुण्याहून येणारा तंत्रज्ञ पिकाला पाणी हवे असते तेव्हा येत नाही. जुन्या वीजतंत्र्याला येथे एक नवी गोष्ट शिकावी लागते. खांबावरील वीज स्विच उघडून बंद करता येते. सौर पट्ट्यांवर ऊन पडत आहे तोवर त्या वीज निर्माण करीतच राहतात. अनेक पट्ट्या एकापुढे एक जोडल्या की दाब शेकडो व्होल्टवर जातो आणि एकदिश प्रवाहाची ठिणगी सहजी विझत नाही. ‘छपरावरचे आहे, त्यात काय’ असे समजून हात घालणारा नवा झिरो वायरमन तयार होण्यापूर्वीच याचे प्रशिक्षण गावोगावी पोहोचावयास हवे. सौर तंत्रज्ञांसाठी ‘सूर्यमित्र’ हा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम आहे व वीजतंत्री प्रमाणपत्र असलेल्याला तो जड जात नाही.

प्रवेशाच्या दृष्टीने पाहता आयटीआयची प्रक्रिया दहावीच्या निकालाच्या सुमारास ऑनलाइन सुरू होते आणि वीजतंत्री हा सर्वाधिक मागणी असलेल्या व्यवसायांपैकी असल्याने पहिल्या फेऱ्यांतच त्याच्या जागा भरतात. पात्र विद्यार्थी मागे राहतो तो पुष्कळदा गुणांमुळे नव्हे, तर अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला किंवा नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र हाती नसल्यामुळे. हे दाखले तहसील व उपविभागीय कार्यालयांतून मिळतात. निकालानंतरच्या पंधरवड्यात तेथील खिडकीपुढे सगळा तालुका उभा असतो. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि एप्रिलमध्ये तीच रांग पुष्कळच लहान असते.